वरून खालपर्यंत ओके

खोटी चेकशीट मी दहा फुटांवरून ओळखतो. ही बढाई नाही, सतरा वर्षांची सवय आहे. चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे तिथे गिअरचे भाग बनतात आणि प्रत्येक मशीनला एक कागद लटकवलेला असतो. शिफ्ट सुरू झाली की ऑपरेटरने तेल बघायचं, दाब बघायचा, पकड घट्ट आहे का ते बघायचं आणि एकेका ओळीपुढे खूण करायची. खरंच तपासलं असेल तर खुणा वाकड्यातिकड्या येतात, एखाद्या ओळीपाशी पेन अडलेलं दिसतं, कुठे तेलकट अंगठा उमटलेला असतो. न तपासता भरलेल्या कागदावर खुणा कवायतीतल्या पोरांसारख्या रांगेत उभ्या असतात. असा कागद दिसला की मी मशीनला दोषाचा लाल टॅग लावतो आणि टॅगवर त्या माणसाचं नाव लिहितो. त्यामुळे माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे फेब्रुवारीतला तो गुरुवार. त्या दिवशी मी शिक्षण विभागाच्या ऑफिसात रविराज साहेबांसमोर बसलो होतो. शेजारी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मंजुषा मॅडम होत्या. मी तिथे समितीचा अध्यक्ष म्हणून गेलो होतो. अध्यक्ष म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. महापालिकेच्या शाळेत पालकांची समिती असावी लागते, समितीला अध्यक्ष लागतो आणि वरून ठरून आलेल्या निवडीच्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट असल्यामुळे मी हजर नव्हतो. गैरहजर माणसाला बिनविरोध निवडून देणं आपल्याकडे फार सोपं असतं.

पण गरज माझीही होती. माझी मुलगी मैत्री सातवीत आहे आणि आमची मोशीची शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीसाठी नाशिक रस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत जावं लागतं. चाकणहून नव्या गाड्या लादून येणारे ट्रेलर त्या रस्त्यावर दिवसभर धावत असतात आणि ते कोणासाठी थांबत नाहीत. सातवी झाली की मुलगा सायकल काढतो आणि पलीकडे जातो. मुलीच्या बाबतीत मात्र घरात चर्चा होते, आणि चर्चा झाली की मुलगी घरी बसते. म्हणून आठवीचा वर्ग आमच्याच शाळेत द्या, असा प्रस्ताव आम्ही दोन वर्षं लावून धरला होता. यंदा तो मंजूर झाला नाही तर जूनमध्ये मैत्री रोज दोनदा तो रस्ता ओलांडणार होती. आणि तिच्या वर्गातल्या किती जणी तिच्यासोबत असतील याचा विचार करायला मला भीती वाटत होती.

“मग इंग्लिश मीडियमला का घालत नाहीस?” असं कंपनीत मला सगळे विचारतात. “इन्स्पेक्टर असून पोरगी सरकारी शाळेत?” त्यांना मी मॅडमच्या खोलीतला तक्ता दाखवायला हवा. त्या तक्त्यावर कुठल्या मुलाचे आईवडील कुठल्या कंपनीत आहेत आणि या आठवड्यात त्यांची कुठली शिफ्ट आहे ते लिहिलेलं असतं. दर सोमवारी सकाळी मॅडम मुलांना विचारून तो बदलतात. पालकांना बोलवायचं असेल तर त्या तक्ता बघूनच वेळ ठरवतात, त्यामुळे आजवर एकाही माणसाला शाळेसाठी खाडा करावा लागलेला नाही. अकरा वर्षं हे चालू आहे. असा तक्ता आमच्या कंपनीच्या एचआरकडेसुद्धा नाही.

तर रविराज साहेब. वय तिशीचं, फायलींच्या मागे जेमतेम दिसत होते. त्यांनी न विचारता चहा मागवला तेव्हाच मी ओळखलं की बातमी काही बरी नाही.

“तुमचा आठवीचा प्रस्ताव थांबवावा लागतोय,” ते म्हणाले. “मी शिफारस करणारच होतो. पण हे बघा.”

त्यांनी फॉर्मचा एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला. जानेवारीत आम्हा सगळ्यांच्या घरी तो फॉर्म आला होता. शाळा सुधारायची तर आधी पालकांचं मत घ्या, असं वरून आलं होतं, आणि वरून आलेली गोष्ट मला प्रथमच शहाणपणाची वाटली होती. पाणी, स्वच्छतागृह, शिकवणं, खिचडी, खेळाचं सामान, असे चोवीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे दोन चौकटी: समाधानकारक, असमाधानकारक. एकोणिसावा प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा होता. सातवीनंतरच्या शिक्षणाची परिसरातली सोय.

“तीनशे एकोणनव्वद फॉर्म परत आले,” साहेब म्हणाले. “एकोणिसाव्या प्रश्नाला तीनशे एक्क्याऐंशी पालक समाधानी आहेत. लोकांनाच नको असेल तर मी वर काय लिहू, तुम्हीच सांगा.”

मी वरचा फॉर्म उचलला. चोवीस खुणा, सगळ्या डाव्या चौकटीत, एकाखाली एक. दुसरा उचलला, तसाच. तिसरा, चौथा, दहावा. एका बहाद्दराने तर चोवीस खुणांचाही कंटाळा केला होता. वरून खालपर्यंत एकच उभी रेघ आणि तळाला ‘ओके’.

मला आधी हसू आलं आणि मग डोकंच फिरलं. “साहेब, ही पालकांची मतं नाहीत,” मी म्हणालो. “ही माझ्या कंपनीतली चेकशीट आहे! आमच्याकडची माणसं आयुष्यभर असेच कागद भरतात. समोर चौकटी दिसल्या की हात आपोआप चालतो. यांनी एक प्रश्न वाचलेला नाही. माझ्या हातात असतं तर मी सगळ्या गठ्ठ्याला लाल टॅग लावला असता.”

मॅडम एवढा वेळ गठ्ठा चाळत होत्या. त्यांनी गठ्ठ्यातून एक फॉर्म शोधून काढला आणि माझ्यासमोर ठेवला. रांगेत चोवीस खुणा होत्या आणि खाली माझी सही होती, वडिलांच्या नावासकट. मला आठवलं. कंपनीच्या बसमध्ये डब्यावर कागद ठेवून भरला होता, गाडी सिग्नलला थांबली होती तेवढ्या वेळात. त्या खुर्चीत मी एवढा ओशाळलो की चहा तसाच राहिला.

रविराज साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, “सोमवारी हे सगळं वर जातं. शनिवारी अकरा वाजता मी शाळेत येतो. कोणाला मत बदलायचं असेल तर माझ्यासमोर नवा फॉर्म भरून सही करू दे. पण माझ्यासमोर. पुन्हा घरी नेऊन नाही.”

घरी आल्यावर मी साक्षीसमोर सगळ्या मोशीचा उद्धार केला. साक्षी, माझी बायको, गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लाईनवर आहे. दिवसाला शेकडो वायरी रंगाप्रमाणे जागच्या जागी बसवते, त्यामुळे तिच्या मनाचा गुंता सहसा होत नाही. मी बोलत होतो की लोकांना काही पडलेली नाही, फुकट मिळतंय म्हणून किंमत नाही, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि हे रेघ मारून मोकळे. ती दुसऱ्या दिवशीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत ऐकत होती.

“तुमच्या फॉर्मवर काय होतं?” तिने विचारलं.

मी सांगितलं. ती हसली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

“शनिवारी तुम्ही विचाराल ना, तर कोणी सांगणार नाही,” ती म्हणाली.

“का? मी कसा विचारतो?”

“टॅग हातात धरून.”

मला राग आला. शुक्रवारभर तिने बायकांना फोन केले आणि मी पुरुषांना. ग्रुपवर मेसेज टाकला. माझा अंदाज होता बारा माणसांचा, फार तर पंधरा. शनिवार म्हणजे थर्ड शिफ्टवाले सकाळी सुटून झोपणार, सेकंडवाले दुपारी निघणार, फर्स्टवाले कामावर. साक्षी म्हणाली, सतरंज्या जास्त मागवून ठेवा. मी म्हणालो, आहेत त्या दोन पुष्कळ होतील.

शनिवारी साडेसातलाच मी शाळेत पोचलो. मॅडम आधीच आल्या होत्या. पावणेआठच्या सुमाराला चौकात एक कंपनीची बस थांबली. या चौकात कधी कुठली बस थांबत नाही. तिच्यातून निळ्या शर्टांची एक रांगच्या रांग उतरली, रात्रभर जागलेली, मशीनचा आवाज येऊ नये म्हणून कानात घालायच्या बोळ्यांच्या दोऱ्या अजून लटकलेल्या. मागोमाग दुसरी बस आली आणि राखाडी शर्ट उतरले. मग मोटारसायकली, मग चालत येणाऱ्या बायका. कोणाच्या गळ्यात कंपनीचं कार्ड, कोणाच्या कडेवर मूल, कोणी डबा घेऊन, कारण इथून परस्पर सेकंड शिफ्टला जायचं होतं. नऊ वाजेपर्यंत पटांगणात जागा राहिली नाही. मी पन्नासपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. सतरा वर्षं मी या लोकांच्या चुका शोधतोय, पण त्यांना असं एकत्र, शांत उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. मॅडम नावानिशी एकेकाला विचारत होत्या, “जेवलात का? झोप झाली का?”

साहेब यायला वेळ होता. रिकामं बसायची या माणसांना सवयच नाही. ती शाळा बघत फिरू लागली, आणि मग एक गंमत सुरू झाली. जिन्याचं रेलिंग हाताने हलवून बघणाऱ्याने डिकीतून पाना आणला. गाड्यांना रंग देणाऱ्या पेंट शॉपवाल्याने भिंतीवरून बोट फिरवलं आणि ओल कुठून येते ते गच्चीवर जाऊन शोधून आला. मेंटेनन्सच्या दोघांनी पाण्याची मोटर उघडली. सुभद्राबाई नावाच्या एक बाई माणच्या आयटी कंपनीत साफसफाईला जातात, दोन बस बदलून. त्या मुलींच्या स्वच्छतागृहाकडून तरातरा आल्या.

“दाराला आतनं कडीच न्हाई,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “म्हून पोरी दिसभर पानी पीत न्हाईत! माझी थोरली योगिनी घरी आली की आदी घटाघटा पानी प्यायची. मला वाटायचं, उन्हाचं आसंल.”

अर्ध्या तासात कडी आली, ड्रिल आलं, कडी बसली. सुभद्राबाईंनी आत जाऊन ती तीनदा लावून-काढून पाहिली. मला मोठी शाबासकी द्यावीशी वाटली, पण ती कोणाला देणार? कोणीही कोणाला सांगून काही करत नव्हतं. वर्गातली मुलं खिडक्यांतून आपापले आईबाप बघत होती. मैत्रीच्या शेजारची एक मुलगी मोटर जोडणाऱ्या बापाकडे असं बघत होती की जणू त्याला आजच ओळखतेय.

जिन्यावर पाना घेऊन बसलेला माणूस जयसिंग होता. परभणीकडचा, आमच्याच कंपनीतला, पूर्वी माझ्या लाईनवर होता. आता लोडिंगला असतो, ट्रकमध्ये माल चढवायला. मी “काय जयसिंग,” म्हणालो. त्याने मान डोलावली आणि पुन्हा नट आवळायला लागला. मला ते खटकलं, पण त्या सकाळी मी एवढा हवेत होतो की लक्ष दिलं नाही. एवढी माणसं! आता अकरा वाजता काय होणार याची मला चिंताच उरली नाही.

अकराला रविराज साहेब आले. गर्दी बघून ते फाटकातच थबकले. पत्र्याच्या शेडमध्ये सगळे बसले, उरलेले कडेने उभे राहिले. साहेबांनी नीट समजावून सांगितलं, प्रस्ताव काय आहे, फॉर्ममध्ये काय आलं, आणि शेवटी विचारलं, “तर सांगा. शाळेत काय सुधारायला हवं? आठवीची सोय हवी की नको? मनमोकळं बोला.”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

“अहो, बोला ना,” मी म्हणालो.

पुढच्या रांगेतला एक जण उठला. “सगळं चांगलंय साहेब,” तो म्हणाला. “शाळा चांगली आहे, मॅडम चांगल्या आहेत. काही तक्रार नाही.” आणि बसला. दुसरा म्हणाला, “काहीच तक्रार न्हाई.” बायकांमधूनही तेच आलं. ज्या सुभद्राबाई दोन तासांपूर्वी कडीवरून तोफ डागत होत्या, त्याही पदर सावरून म्हणाल्या, “बेस हाय सगळं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा तोल सुटला. एवढ्या माणसांसमोर मी ओरडलो, “खोटं का बोलता? आत्ता मोटर कोणी उघडली? ओल कोणी शोधली? तक्रार नाही म्हणता आणि पाना घेऊन फिरता! पाना फिरवून आठवीचा वर्ग येणार आहे का?”

मागून जयसिंग उठला. त्याच्या हातात अजून तो पाना होता.

“सर, बोलू का?” तो म्हणाला. “मागल्या दिवाळीच्या आदी मी पाच नंबरच्या मशीनवर होतो. पकड ढिली झालती. सगळे ओके लिहायलेत. मी मनलं, खरं लिवावं. लिवलं, नॉट ओके. तुमी आलात. टॅग लावला. टॅगवर माजं नाव लिवलं.”

“नॉट ओके मशीनलाही टॅग लावून नाव लिहायची पद्धत आहे, जयसिंग,” मी म्हणालो. माझा आवाज खाली आला होता.

“हाव, पद्धत हाय. मी कुठं नाही मनतो. पण आठ दिवसांत मी लोडिंगला गेलो. पकड अजून तशीच हाय, सर.” राग नव्हता त्याच्या बोलण्यात, तेच जास्त लागत होतं. “आता हा कागद घरी आला. आमी दोघांनी वाचला, नवराबायकोनं. चोवीसच्या चोवीस प्रश्न वाचले. मी मनलं, इथं नॉट ओके लिवलं तर टॅगवर नाव कोणाचं येईल? वर्ग काय साहेबाचा हाय का? नाव मॅडमचं येईल. त्यायला मेमो येईल, नाहीतर बदली. आन मॅडम गेल्यावर ह्या शाळेत राहिलं काय? मॅडमला लाल टॅग कामून लावावा आमी?”

त्याच्या आजूबाजूची माणसं माना हलवत होती. “आमीबी त्येच म्हणलं,” सुभद्राबाई हळूच म्हणाल्या. “आमच्या घरीपण,” कोणीतरी बोललं. मग इकडून, तिकडून, मागून, तेच. आमच्या घरीपण.

कोणी मीटिंग घेतली नव्हती. कोणी मेसेज फिरवला नव्हता. आपापल्या दहा बाय बाराच्या खोलीत, शिफ्टवर जायच्या घाईत, शेकडो घरांनी तो कागद समोर ठेवला होता, वाचला होता, आणि प्रत्येकाने एकट्याने तेच ठरवलं होतं, की आपल्या पोरीचं काय व्हायचं ते होवो, या बाईचं नाव टॅगवर येता कामा नये. मी सवयीने खुणा केल्या होत्या. यांनी समजून उमजून केल्या होत्या. आणि मी दहा फुटांवरून सगळं ओळखणारा माणूस, यातलं काही म्हणता काही ओळखलं नव्हतं. बायकांच्या बाजूला साक्षी बसली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिने जे आधीच सांगून ठेवलं होतं ते मला आत्ता कळलं.

“जयसिंग,” मी म्हणालो, “तुझं नाव लिहिलं ते चुकलं माझं. तू खरं लिहिलंस आणि मी तुलाच धरलं. सगळ्यांसमोर सांगतो.”

तो म्हणाला, “राहू द्या सर,” आणि खाली बघितलं. याहून जास्त मागायचा मला हक्कही नव्हता.

मॅडम शेडच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना मुलांवर चिडताना पाहिलंय, आमच्यावर चिडताना पाहिलंय, पण त्यांच्या डोळ्यांना पाणी आलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी ते पुसलंही नाही. त्या पुढे आल्या आणि साहेबांच्या टेबलावरचा एक कोरा फॉर्म उचलला.

“मला हे ठाऊक नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, तुम्हाला वेळ नसतो.” त्यांनी पेन घेतलं. “साहेब, मी पालक नाही, त्यामुळे हा फॉर्म नियमात बसणार नाही. तरी घ्या.” एकोणिसाव्या प्रश्नापुढे त्यांनी उजव्या चौकटीत खूण केली, असमाधानकारक. मग थोडा विचार करून स्वच्छतागृहापुढेही केली, आणि खाली सही केली, हुद्द्यासकट. “आता पहिलं नाव माझंच आहे. मेमो आला तर आधी मला येईल. तुम्ही माझ्या मागे लिहा.”

रविराज साहेबांनी तो फॉर्म घेऊन वाचला. “मॅडम, यासाठी मेमो नसतो,” ते म्हणाले. मग लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाले, “ऐकलं का? यासाठी कोणाला मेमो नसतो. मी लिहून देतो हवं तर.”

“द्या लिहून,” सुभद्राबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी दिलं. शेडमधल्या फळ्यावर खडूने, स्वतःच्या नावाने, सहीसकट. त्यावर मात्र सगळे हसले, आणि रांग लागली. मी सतरा वर्षं कागद भरताना माणसं पाहिली आहेत. असे कागद भरताना नाही. एकेका प्रश्नाशी अडलेली पेनं, शेजाऱ्याला विचारणं, खाडाखोड, चौकटीच्या बाहेर गेलेल्या खुणा, शिकवण्यापुढे ठसठशीत समाधानकारक आणि एकोणिसाव्यापुढे तेवढंच ठसठशीत दुसरं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना त्यांचीच पोरं वर्गातून येऊन प्रश्न वाचून दाखवत होती. मी माझाही नवा फॉर्म भरला. मला वीस मिनिटं लागली.

दीडच्या सुमाराला सेकंड शिफ्टवाले चुळबुळायला लागले. साहेबांनी गठ्ठा बांधला आणि वही उघडली. “सोमवारी माझ्या सहीने शिफारस जाते,” ते म्हणाले. “फक्त आकडा सांगा. आत्ता सातवीत मुलं-मुली मिळून बावन्न. आठवीसाठी बावन्न लिहू?”

“बावन्न नाही साहेब,” जयसिंग म्हणाला. “माजी थोरली नेहा धरा. ती दोन वर्षं झाली घरी हाय.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो उभाच होता. मुलगी घरी बसवली हे चारचौघांत सांगणं सोपं नसतं. मी त्याच्या जागी असतो तर सांगितलं नसतं.

“त्रेपन्न,” साहेब म्हणाले.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हातात रजिस्टर नव्हतं, काही नव्हतं. “गेल्या दोन वर्षांत सातवी करून ज्या पलीकडे गेल्या नाहीत, त्या नऊ जणी आहेत. नेहा झाली. योगिनी.”

सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. “यील,” त्या म्हणाल्या. “यील ती.”

“अस्मिता.”

“येईल, मॅडम.”

“आयेशा. कावेरी. प्रज्ञा.”

एकेक नावाला शेडमधून कोणीतरी उभं राहत होतं, बाप, आई, कुठे काका. आयेशाच्या घरचं कोणी आलं नव्हतं, तर शेजारी म्हणाले, आम्ही सांगतो त्यांच्या घरी. साहेब मान वर न करता लिहीत होते. ही नावं दोन वर्षं त्या बाईने कुठे ठेवली होती, तक्त्यावर नाही, वहीत नाही, हे मला कळेना.

सातवं झालं, आठवं झालं.

“रोहिणी,” मॅडम म्हणाल्या.

कोणी उठलं नाही. मग कोपऱ्यातल्या एका बाईने मान खाली घालूनच सांगितलं, “मॅडम, तिचं लग्न झालं. दिवाळीनंतर. चाकणला दिली.”

पंधरा वर्षांची पोर. साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

“लिहा,” मॅडम म्हणाल्या. “चाकण काही लांब नाही. आम्ही आणू तिला.”

आम्ही म्हणजे कोण, ते कोणी विचारलं नाही. जयसिंगने पाना खिशात घातला आणि मॅडमच्या शेजारी येऊन उभा राहिला. मीही गेलो. साहेबांनी नाव लिहिलं आणि खाली एकूण आकडा टाकला. एकसष्ट.